मधुमेही उंदरांच्या तांबड्या पेशींतला सोडियम पंप आणि रक्तातली चरबी : मोजमाप कुठे चुकतंय?

पटल_आणि_पंप

प्रयोग असा आहे. नर विस्टार उंदीर (प्रयोगशाळेतली रॅटची जात), वजन १८० ते २२० ग्रॅम, तीन गट (निरोगी, मधुमेही, मधुमेही अधिक इन्शुलिन), प्रत्येक गटात आठ. स्ट्रेप्टोझोटोसिन (मधुमेह घडवणारं रसायन) ५५ मिग्रॅ प्रति किलो, ०.१ मोलर सायट्रेट बफरमध्ये (पीएच ४.५) ताजं विरघळवून पोटाच्या पोकळीत एकदाच टोचून. ७२ तासांनी रक्तशर्करा २५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेलेलेच उंदीर घेतले. सहा आठवड्यांनी रक्त काढलं.

तांबड्या पेशी सलाइनने तीनदा धुऊन ५ मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ८) फोडल्या, २०,००० जी वर फिरवून घोस्ट (आतलं सगळं निघून गेलेली रिकामी पेशीपटलं) तयार केले आणि त्याच बफरने तीनदा धुतले. एन्झाइमसाठी (सोडियम-पोटॅशियम एटीपेज, म्हणजे एटीपी तोडून फॉस्फेट सोडणारा हाच पंप) १ मिलि मिश्रण: ट्रिस ५० मिलिमोलर (पीएच ७.४), सोडियम क्लोराइड १००, पोटॅशियम क्लोराइड २०, मॅग्नेशियम क्लोराइड ५, एटीपी ३ मिलिमोलर, घोस्ट १०० मायक्रोलिटर (प्रथिन ५० मायक्रोग्रॅम, लोरी पद्धतीने). ३७ अंशांवर ३० मिनिटं. दुसऱ्या नळीत हेच सगळं, अधिक ओआबेन (पंप थांबवणारं विष) ०.१ मिलिमोलर. टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल) घालून थांबवायचं, सुटलेला फॉस्फेट फिस्के-सुब्बाराव पद्धतीने ६६० नॅनोमीटरवर.

अडचणी तीन. ब्लँकच (तुलनेसाठीची, क्रिया न झालेली नळी) गडद निळा येतो आणि ओआबेनसह व ओआबेनविना यांतला फरक जेमतेम. काही नळ्यांत तर उणे. तरीही सरासरी काढली की मधुमेही गटात सोडियम-पोटॅशियम एटीपेज कमी दिसतं. दुसरं, कॅल्शियम एटीपेज तिन्ही गटांत अगदीच नगण्य येतं. तिसरं, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या उंदरांत फ्रीडेवाल्ड सूत्राने (एलडीएल कोलेस्टेरॉल हिशेबाने काढण्याचं सूत्र) एलडीएल शून्याखाली जातं.

एकूण निष्कर्ष असा मांडायचा आहे की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं, ते पटलात शिरलं, पटल ताठर झालं, म्हणून पंप मंदावला. एवढ्या आकड्यांवर हे म्हणता येईल का? पुढे टाइप २ च्या रुग्णांच्या नमुन्यांवर हीच मापं घ्यायची आहेत.

---

घोस्टकार

निष्कर्षाचं नंतर बघू. आधी नळीत किती फॉस्फेट सुटायला हवा आणि किती आधीपासूनच पडलेला आहे, एवढा हिशेब करा. बहुतेक उत्तर त्यातच आहे.

तांबड्या पेशीच्या पटलात हा पंप फार विरळ असतो. मूत्रपिंडाच्या किंवा मेंदूच्या ऊतीची सवय असेल तर हे लक्षात येत नाही. माणसाच्या एका तांबड्या पेशीवर ओआबेन चिकटणाऱ्या जागा काही शे, त्यापलीकडे नाहीत. घोस्टची क्रिया दर मिलिग्रॅम प्रथिनामागे तासाला ०.४ मायक्रोमोल फॉस्फेट धरू. तुमचं प्रथिन ०.०५ मिलिग्रॅम, वेळ अर्धा तास. म्हणजे पंपाने सोडलेला फॉस्फेट १० नॅनोमोल. रंग येईपर्यंत आकारमान ४ मिलि होत असेल तर तो २.५ मायक्रोमोलर; फिस्के-सुब्बारावच्या रंगात त्याचं शोषण ०.०१ च्या आसपास. स्पेक्ट्रोचा डळमळाटच तेवढा असतो.

आता आधीपासून पडलेला फॉस्फेट मोजा. १०० मायक्रोलिटर घोस्ट ५ मिलिमोलर फॉस्फेट बफरात, म्हणजे ५०० नॅनोमोल. मोजायच्या गोष्टीच्या पन्नास पट! शिवाय ३ मिलिमोलर एटीपी १ मिलित म्हणजे ३,००० नॅनोमोल. त्यातला एक टक्का जरी आधीच तुटलेला असेल तरी ३० नॅनोमोल. ब्लँक गडद का, ते इथे कळतं.

म्हणून फॉस्फेट बफर या कामासाठी पूर्ण सोडा. पेशी १० मिलिमोलर ट्रिस अधिक १ मिलिमोलर ईडीटीए (पीएच ७.४) यात फोडा, गच्च पेशींच्या २० ते ३० पट आकारमान घ्या, बर्फावर अर्धा तास. शेवटच्या दोन धुण्या ईडीटीएविना नुसत्या ट्रिसमध्ये करा, नाहीतर उरलेलं ईडीटीए मॅग्नेशियम खातं. प्रथिन नळीमागे २०० ते २५० मायक्रोग्रॅम, वेळ ६० मिनिटं. तेव्हा ८० ते १०० नॅनोमोल सुटेल, तो एकूण एटीपीच्या सुमारे तीन टक्केच, म्हणजे क्रिया अजून सरळ रेषेत असेल. पण हे गृहीत धरू नका. एकदा २०, ४०, ६०, ८० मिनिटांवर नळ्या थांबवून आलेख काढा. काचसामान फॉस्फेटवाल्या साबणाने धुतलेलं नको, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळा.

फिस्के-सुब्बाराव पद्धत १९२५ ची, आणि त्यातले सुब्बाराव म्हणजे भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पद्धत आजही चालते, फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते: आम्ल मॉलिब्डेटमध्ये उरलेला एटीपीही हळूहळू तुटत राहतो. म्हणून प्रत्येक नळी अभिकर्मक घातल्यापासून नेमक्या त्याच मिनिटाला वाचायची. चोवीस नळ्यांत एकदम अभिकर्मक ओतून मग एकेक वाचत बसलात तर शेवटच्या नळ्या आपोआप जास्त दाखवणार, आणि मधुमेही गट रॅकच्या शेवटी असेल तर तोच 'निष्कर्ष' होऊन बसेल. गट मिसळून लावा. मॅलकाइट ग्रीन पद्धत कितीतरी संवेदनशील आहे, पण तिथे एटीपीतला फुकटचा फॉस्फेटही तितकाच बोलतो. एटीपी १ मिलिमोलरवर आणा आणि प्रत्येक तुकडीचा ब्लँक वेगळा ठेवा.

ओआबेन. ही सगळ्यात मोठी चूक. उंदराच्या पंपाचा अल्फा-१ प्रकार ओआबेनला मुळातच दाद देत नाही. माणसाच्या पेशीला ०.१ मिलिमोलर भरपूर झालं. उंदरासाठी १ ते २ मिलिमोलर लागतं. तुम्ही पंप अर्धवटच थांबवून उरलेली क्रिया 'मॅग्नेशियम एटीपेज' म्हणून वजा करत आहात. मूळ द्रावण १० मिलिमोलर करा, कोमट पाण्यात विरघळतं. विषारी आहे, हातमोजे घाला. पडताळणीला एक नळी पोटॅशियमविना लावा. तिचा आणि ओआबेनचा आकडा जवळपास जुळला पाहिजे.

घोस्ट नीट फुटलेले आहेत का? पंपाला एटीपी आतून लागतो, ओआबेन बाहेरून. धुताना काही घोस्ट परत मिटतात, मग एटीपी आत जात नाही आणि क्रिया खोटी कमी दिसते. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून वितळवणं दोनदा करा, किंवा थोडं सॅपोनिन वापरा. मात्रा आधी निरोगी घोस्टवर चढवत नेऊन ठरवा. जास्त झालं की एन्झाइमच मरतं.

एटीपी कुठून आलं तेही बघा. घोड्याच्या स्नायूपासून काढलेल्या जुन्या एटीपीत व्हॅनेडेट असायचं आणि ते या पंपाला रोखतं. १९७७ साली ते ओळखलं गेलं. बाटलीवर 'व्हॅनेडियममुक्त' लिहिलेलं घ्या. व्हॅनेडेट स्वतः इन्शुलिनसारखं वागतं म्हणून मधुमेही उंदरांना औषध म्हणूनही दिलं जातं. असा गट पुढे कधी घेतलात तर हा धोका दुप्पट.

कॅल्शियम एटीपेजचं कोडं सोपं आहे. त्या पंपाला कॅल्मोड्युलिन (त्याला चेतवणारं प्रथिन) लागतं, आणि कमी क्षाराच्या बफरात, विशेषतः ईडीटीए घालून, धुतलं की कॅल्मोड्युलिन निघून जातं. मिश्रणात ते बाहेरून घाला, किंवा 'कॅल्मोड्युलिनविना मूळ क्रिया' असं स्पष्ट लिहा. कॅल्शियमची नळी आणि ईजीटीएची (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) नळी यांतला फरक घ्यायचा. रक्त हेपरिनमध्येच घ्या. ग्लुकोजच्या फ्लोराइडवाल्या नळीतलं रक्त पटलासाठी अजिबात नको, फ्लोराइड एटीपेजनाही रोखतं.

---

पटल_आणि_पंप

हिशेब पटला. पण मग मधुमेही गटात जी घट दिसते ती केवळ गोंधळातून आली असं समजायचं का? ब्लँक तर तिन्ही गटांत सारखाच होता.

---

भाजक

ब्लँक सारखा असला तरी भाजक सारखा नसतो. क्रिया 'दर मिलिग्रॅम प्रथिन' अशी मांडता, ते प्रथिन कोणतं?

मधुमेहात हिमोग्लोबिन पटलाला जास्त चिकटून राहतं. ऑक्सिडेशनने बिघडलेलं हिमोग्लोबिन पटलाच्या आतल्या बाजूला बसतं आणि साध्या धुण्याने निघत नाही. लोरी पद्धतीला पटलाचं प्रथिन आणि हिमोग्लोबिन यांत फरक कळत नाही. निरोगी घोस्ट दुधाळ पांढरे आणि मधुमेही घोस्ट गुलाबी असतील, तर मधुमेही गटाचा भाजक फुगतो आणि पंपाला काहीही झालेलं नसताना क्रिया १० ते १५ टक्के घटलेली दिसू शकते. उपाय: प्रत्येक घोस्ट नमुन्यात ड्रॅबकिन द्रावणाने ५४० नॅनोमीटरवर हिमोग्लोबिन मोजा आणि एकूण प्रथिनातून वजा करा. शिवाय तीच क्रिया पटलाच्या फॉस्फोलिपिडमागे किंवा पेशींच्या संख्येमागे काढा. तिन्ही भाजकांवर घट टिकली तर ती खरी. लोरीला ट्रिस आणि ईडीटीए दोन्ही बाधतात, म्हणून प्रमाणवक्र त्याच बफरात काढा.

सेंट्रिफ्यूजमध्ये घोस्टच्या सैल थराखाली एक घट्ट गुठळी बसते. तीत पांढऱ्या पेशींचे अवशेष आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइमं असतात. नळी तिरकी करून घोस्ट हलवून बाजूला सरकवा आणि ती गुठळी शोषून टाका, प्रत्येक धुणीत. त्याआधी अख्ख्या पेशी धुतानाही वरचा पांढुरका थर मायेने नाही, निर्दयपणे काढा. थोड्या तांबड्या पेशी गेल्या तरी चालतील. पीएमएसएफ (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं रोखणारं रसायन) ०.१ ते ०.२ मिलिमोलर ऐन वेळी घाला, पाण्यात ते टिकत नाही. आणि 'जी' लिहिलंय म्हणून विचारतो: फेऱ्यांवरून काढलंत ना? जी = १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या (सेंमी) × फेऱ्या². रोटर बदलला की आकडा बदलतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण मोजतात, ती म्हणजे पेशींचं वय. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, नवीन पंप तयार होत नाहीत. रेटिक्युलोसाइटमध्ये (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशींत) पंप जास्त असतात, म्हाताऱ्या पेशीत कमी. मधुमेहात पेशींचं आयुष्य घटलं आणि तरुण पेशी वाढल्या तर पंपाची खरी घट झाकली जाऊ शकते. न्यू मेथिलीन ब्लूने रेटिक्युलोसाइट मोजा, दहा मिनिटांचं काम आहे.

याच मुद्द्यावरून तुमचे सहा आठवडे. उंदराची तांबडी पेशी साधारण ६० दिवस जगते. ४२ दिवसांत ढोबळमानाने सत्तर टक्के पेशी मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या, तीस टक्के आधीच्या. इन्शुलिन गटात उपचार शेवटचे दोनच आठवडे असेल तर पंप पूर्ण सुधारला नाही म्हणून 'इन्शुलिनचा उपयोग नाही' असं लिहू नका. बहुतेक पेशी अजून जुन्याच आहेत.

---

मेदमोजणी

लिपिडच्या बाजूला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहिते.

फ्रीडेवाल्ड सूत्र (एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड भागिले ५) १९७२ मध्ये उपाशी माणसांच्या रक्तावरून आलं. माणसातही ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेलं की ते वापरायचं नसतं. उंदरात तर ते मुळातच लागू नाही: उंदराचं बहुतांश कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं, एलडीएल अगदी थोडं. थोड्या आकड्यातून मोठा अंदाज वजा केला की उत्तर उणे येणारच. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड एवढंच द्या. एलडीएल हवंच असेल तर अल्ट्रासेंट्रिफ्यूजने घनतेनुसार वेगळं करा. प्रबंधात ते उणे आकडे शून्य करून टाकू नका, तो रकानाच काढा.

उंदराच्या रक्तात कोलेस्टेरिल एस्टर वाहक प्रथिन, म्हणजे सीईटीपी, नसतं. माणसात ट्रायग्लिसराइड वाढलं की या प्रथिनामार्फत व्हीएलडीएलमधलं (यकृतातून निघणारे चरबीवाहू कण) ट्रायग्लिसराइड एचडीएल व एलडीएलमध्ये जातं आणि बदल्यात कोलेस्टेरॉल बाहेर पडतं. मग यकृतातलं लायपेज ते ट्रायग्लिसराइड खाऊन कण लहान करतं. टाइप २ मधलं कमी एचडीएल आणि बारीक, दाट एलडीएल इथून येतं. उंदरात हा रस्ताच बंद आहे. तेव्हा 'उंदरात एचडीएल घटलं, रुग्णांतही घटतं, म्हणजे यंत्रणा एकच' असं वाक्य चर्चेत येऊ देऊ नका.

दोघांत समान काय आहे? इन्शुलिनचा लगाम सुटल्यावर चरबीच्या पेशींतलं हार्मोन-संवेदी लायपेज मोकाट सुटतं, मुक्त मेदाम्लं यकृताकडे जातात, यकृत व्हीएलडीएल बनवतं. दुसरीकडे चरबीच्या ऊतीतल्या केशवाहिन्यांवरचं लायपोप्रोटीन लायपेज इन्शुलिनअभावी कमी पडतं, म्हणून व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन (जेवणातली चरबी वाहणारे कण) रक्तात रेंगाळतात. स्ट्रेप्टोझोटोसिनचा उंदीर शिवाय भरमसाट खातो. म्हणून उपवासाचे तास तिन्ही गटांत सारखे आणि लिहून ठेवलेले हवेत.

ट्रायग्लिसराइडच्या एन्झाइम किटमध्ये एक छुपी चूक असते. किट आधी ग्लिसरॉल सोडवतं आणि मग ग्लिसरॉलच मोजतं. अनियंत्रित मधुमेहात चरबी तुटत असल्याने रक्तात मुक्त ग्लिसरॉल आधीच वाढलेलं असतं, तेही ट्रायग्लिसराइड म्हणून धरलं जातं. लायपेजविना ग्लिसरॉल ब्लँक लावा. नेमका मधुमेही गटच यामुळे जास्त फुगतो.

पटलाचं कोलेस्टेरॉल सीरमवरून कधीच सांगू नका, वेगळं काढा. अख्ख्या धुतलेल्या पेशींसाठी आयसोप्रोपेनॉल-क्लोरोफॉर्म बरं पडतं: १ भाग पेशी, १ भाग पाणी, हलवत हलवत ११ भाग आयसोप्रोपेनॉल, तासभर ठेवून ७ भाग क्लोरोफॉर्म, आणखी तासभर, मग फिरवून वरचं द्रव घ्यायचं. आयसोप्रोपेनॉल आधी घातल्याने हीमचा रंग फारसा उतरत नाही. अर्क नायट्रोजनखाली वाळवा. एका भागात कोलेस्टेरॉल, दुसऱ्यात बार्टलेट पद्धतीने फॉस्फरस. फॉस्फरसचं वजन गुणिले २५ केलं की फॉस्फोलिपिड. उत्तर मोलर गुणोत्तरात द्या. माणसाच्या निरोगी तांबड्या पेशीत कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडचं गुणोत्तर ०.८ ते ०.९ च्या आसपास असतं. पहिल्याच नमुन्यात १.५ आलं तर आजार शोधण्याआधी फॉस्फरसचा प्रमाणवक्र तपासा. पचनाला परक्लोरिक आम्ल वापरत असाल तर नळी कोरडी होऊ देऊ नका, स्फोटाचा धोका आहे, आणि फ्यूमहूडही त्यासाठीचाच हवा.

---

घोस्टकार

आता निष्कर्षाकडे. 'कोलेस्टेरॉल शिरलं, पटल ताठरलं, पंप मंदावला' ही साखळी शक्य आहे, पण ती एकटीच उभी नाही. ग्लुकोज पंपाच्या लायसिनांना चिकटतं (ग्लायकेशन). लिपिड पेरॉक्सिडेशनने पटलातली असंतृप्त मेदाम्लं बिघडतात. आणि मधुमेहात जन्मलेल्या पेशीला मज्जेतूनच पंप कमी मिळाले असतील तर तो चौथा रस्ता. टाइप १ मध्ये सी-पेप्टाइडच्या (इन्शुलिनसोबत सुटणारा प्रथिनाचा तुकडा) अभावाचाही पंपाच्या क्रियेशी संबंध दिसलेला आहे.

शिवाय कोलेस्टेरॉल आणि पंपाचं नातं एकमार्गी नाही. पटलातून कोलेस्टेरॉल काढून घेतलं तरीही पंप मंदावतो; त्याला ठरावीक मात्रा लागते. म्हणून 'जितकं जास्त तितकं वाईट' ही सरळ रेष आधीच गृहीत धरू नये.

सहसंबंध काढताना निरोगी आणि मधुमेही एकाच आलेखावर टाकू नका. मधुमेही गटात कोलेस्टेरॉल वर, पंप खाली. निरोगी गटात उलट. दोन ढग जोडणारी रेष छान तिरकी येते आणि 'आर' ची किंमत देखणी दिसते, पण त्यातून फक्त दोन गट वेगळे आहेत एवढंच कळतं. मधुमेही आठांच्या आत ते नातं आहे का, हे बघा. आणि दुबार-तिबार नळ्या म्हणजे संख्या नव्हे, संख्या उंदरांची.

कारण खरंच तपासायचं असेल तर निरोगी उंदराचे घोस्ट घ्या. एका भागाला कोलेस्टेरॉल भरलेलं मेथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (पटलात कोलेस्टेरॉल सोडणारं किंवा त्यातून काढून घेणारं रसायन) द्या, दुसऱ्याला रिकामं, तिसऱ्याला नुसता बफर. प्रत्येकात गुणोत्तर आणि पंप दोन्ही मोजा. मधुमेही उंदरांत गुणोत्तर जेवढं वाढलं होतं तेवढंच इथे वाढवा, त्याहून जास्त नको. तेवढ्याने पंपाची घट मधुमेहाइतकी आली तर तुमच्या साखळीला बळ आलं. थोडीच आली तर बाकीचं ग्लायकेशन, पेरॉक्सिडेशन किंवा पंपांच्या संख्येकडे जातं. संख्येसाठी ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं ओआबेन चिकटवून मोजतात, पण ते उंदराच्या पेशीत जमत नाही, पकडच सैल आहे. ते रुग्णांच्या नमुन्यांवरच करा.

---

पटल_आणि_पंप

सायक्लोडेक्स्ट्रिनचा प्रयोग लावतो. रुग्णांचे नमुने घेताना काय वगळायचं, आणि घोस्ट किती दिवस ठेवता येतात?

---

भाजक

डिगॉक्सिन घेणारे रुग्ण पूर्ण वगळा, ते औषध याच पंपाला चिकटतं. स्टॅटिन घेणारे वगळता आले तर उत्तम, नाहीतर वेगळा गट करा. टाइप २ मध्ये स्टॅटिनविना रुग्ण शोधणं सोपं नाही, तेव्हा भरती आधीपासूनच त्या हिशेबाने आखा. मूत्रपिंड निकामी होत आलेले रुग्णही नकोत, त्यात पंप स्वतंत्रपणे बिघडतो. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर पेशी दुसऱ्याच कुणाच्या. एचबीए१सी सोबत घ्या. वय जुळवलेले निरोगी लोक त्याच आठवड्यात घ्या, महिन्यांच्या अंतराने नकोत.

रक्त बर्फावर (गोठू न देता) आणून दोन तासांत पेशी वेगळ्या करा. घोस्ट उणे ८० अंशांवर छोट्या भागांत ठेवा. एका नळीतलं पुन्हा पुन्हा वितळवलं तर प्रत्येक वेळी क्रिया घसरते, आणि ती घसरण दोन गटांत सारखीच असेल याची खात्री नसते. निरोगी रक्ताच्या एका मोठ्या घोस्ट-साठ्याच्या पन्नासेक नळ्या करून ठेवा आणि रोजच्या प्रत्येक फेरीत त्यातली एक लावा. त्या नळीचा आकडा १० टक्क्यांहून जास्त हलला तर त्या दिवसाची फेरी पुन्हा करा.

---

मेदमोजणी

लिपिडसाठीचा नमुना मात्र साध्या नळीतला सीरम घ्या, १० ते १२ तासांच्या उपाशी रक्तातला. फ्लोराइड-ऑक्सलेट पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, प्लाझ्मा पातळ होतो आणि कोलेस्टेरॉल खोटं कमी येतं. रुग्णांत ट्रायग्लिसराइड ४०० च्या आत असेल तरच फ्रीडेवाल्ड; बाकी सगळ्यांचं एचडीएलेतर कोलेस्टेरॉल (एकूण वजा एचडीएल) द्या. पंपाशी तुलना करताना मी तेच वापरेन, कारण टाइप २ मध्ये एलडीएलचा आकडा पुष्कळदा साधाच दिसतो आणि कण मात्र बदललेले असतात.